राष्ट्राध्यक्षाच्या सहीची चोरी

दुबईतली ती दुपार अजूनही माझ्या मनातून जात नाही. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी तिथल्या ऊद मेथा भागात मुलीकडे राहायला आलो होतो. दुबईच्याच देरा बाजारात मसाल्यांचा व्यापार करणाऱ्या एका परिचितांचा फोन आला, "साहेब, ताबडतोब घरी या. चोरी झालीय."

त्यांना जुन्या अमेरिकन सरकारी कागदांचा नाद होता. सर्वांत लाडका कागद म्हणजे तिथल्या एका सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्षाने स्वतः सही केलेला जहाजाचा परवाना. तो दिवाणखान्यात खिडकीसमोर फ्रेम करून लावलेला असे. त्या दिवशी एका जाणकार पाहुण्याने भिंगातून पाहून सांगितलं, ही रंगीत झेरॉक्स आहे.

संशय त्यांच्या ड्रायव्हरवर होता. तो राजापूरकडचा, घरात मोकळेपणाने वावरणारा. मालक ओरडत होते, "खलास! आत्ताच्या आत्ता याची तक्रार देतो."

"तासभर थांबा," मी म्हटलं. "एकदा तक्रार गेली की काही तुमच्या हातात राहणार नाही."

इथे मला कसलाच अधिकार नव्हता. मी ड्रायव्हरला फक्त समोर बसवलं. त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

"कागद विकलास?"

"आईशपथ नाय, साहेब!" त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मग फ्रेम कोणी उघडली?"

या प्रश्नाला मात्र त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे मालकांच्या पत्नी उभ्या होत्या.

मी फ्रेम उलटी केली. मागची पट्टी निगुतीने चिकटवलेली होती. चोर एवढा वेळ घालवत नाही.

"वहिनी," मी हळूच म्हटलं, "हा आज कोठडीत जाईल."

त्या आत गेल्या आणि कपाटातून एक चपटी पेटी घेऊन आल्या. परवाना आत होता.

"उन्हाने सही विटत चालली होती," त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं, तिथून काढा. आल्यागेल्याला दाखवायची तुम्हाला हौस! शेवटी मीच बदलला. याने फ्रेम उतरवून दिली. कुणाला सांगू नकोस, असं मीच बजावलं होतं. आज पाहुण्यांसमोर तुम्ही एवढे भडकलात, माझं तोंडच उघडेना."

मालकांनी पेटी हातात घेऊन परवाना नीट पाहिला. मग त्यांनी ड्रायव्हरची माफी मागितली. त्याने ती मानली, पण पुढे ती नोकरी सोडली.

घाबरलेला माणूस समोर आला, की तो कशाला घाबरलाय हे आधी शोधावं. त्या घरात तिघेही घाबरलेले होते, लाडका कागद गेला म्हणून ओरडणारे मालकसुद्धा, आणि चोर त्यांतला एकही नव्हता.