कृपया दार वाजवू नये

आमच्या ऑफिसात फायली साचत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर असतं. साचतात ते किस्से. चहाच्या सुट्टीत एकानं एक सांगितला की दुसऱ्याला त्या किश्श्याचा थोरला भाऊ आठवतो, आणि चहा गार होतो.

काम म्हणाल तर साधं. ऑस्ट्रेलियात पार्टीचं सामान विकणारी एक कंपनी आहे. फुगे, मुखवटे, टोप्या, पाट्या. तिथल्या गिऱ्हाइकानं फोन फिरवला की तो वाजतो कोल्हापुरात. तिकडे सकाळचे दहा, तेव्हा आमचे पहाटेचे साडेचार. ऑक्टोबर हा आमचा सीझन, कारण महिनाअखेरीला हॅलोविन. पोरं भुताचे कपडे घालून दारोदार गोड मागत फिरतात, तो सण. आम्हाला वाटायचं, गोऱ्यांचा सण म्हणजे सगळ्या गोऱ्यांचा. तसं अजिबात नाही! आम्हाला फोन करणारे निम्मे लोक या सणावर खार खाऊन असतात. "हे अमेरिकेचं खूळ आमच्याकडे कशाला?" हे वाक्य मी आता झोपेतही म्हणून दाखवीन.

मी क्वालिटीला आहे. म्हणजे इतरांचे कॉल ऐकायचे आणि कुणी स्क्रिप्टबाहेर बोललं की मार्क कापायचे. त्यामुळे ऑफिसात माझ्यावर कुणाचं प्रेम नाही, पण किस्से सगळ्यात जास्त माझ्याकडेच.

*

विकास म्हणजे आमचा विक्या. वय चौतीस, आवाज खणखणीत, लग्न बाकी. त्याला एकदा एका बाईचा फोन आला.

"तुम्ही अमेरिकन लोक आमच्या पोरांना बिघडवताय!"

"मॅडम, मी अमेरिकेचा नाही."

"मग कुठला?"

"महाराष्ट्राचा."

बाई म्हणाल्या, "ते राज्य कुठं येतं मला ठाऊक नाही. पण तुम्ही अमेरिकेतले सगळे सारखेच!"

*

दुसऱ्या एका बाईंची तक्रार होती की अंधारात चमकणारा सांगाडा चमकत नाही. विक्यानं बॅटरी तपासायला लावली, बटण दाबायला लावलं. काही उपयोग नाही. शेवटी त्यानं विचारलं, "मॅडम, बाहेर अंधार आहे का?"

"अंधार कसला? संध्याकाळचे सात वाजलेत, लख्ख ऊन आहे!"

तिकडे ऑक्टोबरात वसंत ऋतू असतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"मग अंधार पडू द्या की."

"अंधार पडेपर्यंत माझी पोरं झोपतात!"

सांगाडा परत आला. कारणाच्या रकान्यात विक्यानं लिहिलं, "सूर्य."

*

कंपनी दोन्ही बाजूंनी विकते. दारात लावायला भोपळ्याचे दिवे आहेत, आणि ज्यांना हा सणच नको त्यांच्यासाठी "कृपया दार वाजवू नये" अशी पाटीही आहे. एकदा एकाच पत्त्यावरून दोन ऑर्डरी आल्या. बायकोनं दिवे मागवले होते, नवऱ्यानं पाटी.

विक्या म्हणाला, "इख बी आपलंच आन् उतारा बी आपलाच!"

*

गेल्या वर्षी आमच्या मॅनेजरसाहेबांनी फतवा काढला की एकतीस तारखेला सगळ्यांनी भूत होऊन यायचं. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या मॅडम, हेलन, व्हिडिओवर येणार होत्या. त्या खूश व्हायला पाहिजेत ना! कुणी हडळ झालं, कुणी पांढरी चादर ओढली. विक्या मात्र रोजच्याच शर्टात.

"तुझा ड्रेस कुठाय?" साहेब चिडले.

"सायब, बिनलग्नाचा मेला की मुंजा हुतोय. मी आत्तापास्नंच प्रॅक्टिस करतोय की!"

हेलन मॅडम स्क्रीनवर आल्या, आठ-दहा भुतं बघून दचकल्या. "हे काय चाललंय?"

"मॅडम, तुमचा सण!"

"आमचा?" मॅडमचा चेहरा आंबला. "आम्ही बाहेरचं काही पाळत नाही. आम्ही फक्त विकतो."

साहेबांनी मोठ्या हौसेनं डोळे-तोंड कोरलेला भोपळा टेबलावर तसाच राहिला. तेवढ्यात मागून सुनंदाताईंचा आवाज आला, "सायब, डोळं-तोंड पाडलासा ते ब्येस झालं, पर आतला गर कुठं टाकलासा?"

दुसऱ्या दिवशी पहाटे डबाभर घारगे आले. हॅलोविन मला पहिल्यांदा आवडला तो तेव्हा.

*

आता सुनंदाताई आल्याच आहेत, तर त्यांचंच सांगतो.

ताई मुरगूडच्या. वीस वर्षं तिथं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. मुलीला कोल्हापुरात कॉलेज मिळालं म्हणून कळंब्याला खोली केली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी धरली. तीन महिन्यांचं प्रोबेशन होतं, ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपणार होतं. नोकरी टिकली तर खोली राहणार, नाहीतर मायलेकी परत मुरगूडला आणि पोरीची रोज एस्टीनं ये-जा.

इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चोख. पण एक खोड. वयस्क गिऱ्हाईक आलं की ताई त्याला सरळ "अंकल" म्हणायच्या. स्क्रिप्टमध्ये "सर" आहे. मी दर वेळी मार्क कापायचो, त्या दर वेळी म्हणायच्या, "थोरल्या माणसाला नुसतं सर काय म्हणायचं वो? त्यो काय मास्तर हाय?" मार्क अगदी काठावर आले होते. आणखी एक तक्रार आली की संपलं.

दसऱ्यानंतर वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्याचा फोन आला. एकटाच राहणारा. त्याला दार न वाजवण्याची पाटी हवी होती, सगळ्यात मोठी! ताईंनी ऑर्डर घेतली आणि विचारलं, "अंकल, पोरं दारात आली तर काय बिघडलं?"

"पोरांचं काही नाही. पण काही न देता नुसतं मागायचं, ही कसली रीत?"

ताईंनी त्याला दसरा सांगितला. आमच्याकडे पोरं येतात, आधी आपट्याचं पान हातावर ठेवतात, त्याला सोनं म्हणतात, पाया पडतात, मग आपण गोड देतो.

"हे बरं आहे," म्हातारा म्हणाला. "निदान पान तरी देतात."

मी दोन मार्क कापले.

एक नोव्हेंबरला, घारग्यांचा डबा उघडा असताना, त्याचा पुन्हा फोन. विक्यानं उचलला. "माझ्या नीसला द्या," म्हातारा म्हणाला.

"भावाची का बहिणीची?" विक्यानं सवयीनं विचारलं.

"मला अंकल म्हणते ती!"

फोन ताईंकडे गेला. म्हाताऱ्यानं पाटी लावली होती, पण खाली पेनानं लिहिलं होतं, "पान आणल्यास वाजवावे." आळीतली सगळी पोरं पान घेऊन आली. शेजाऱ्याचं एक झुडूप पार बोडकं झालं! आता त्याला दुसरी पाटी हवी होती, "नये" नसलेली.

नेमका तोच कॉल हेलन मॅडमच्या ऑफिसनं तपासायला उचलला. नातेवाइकाची ऑर्डर घ्यायची नाही, असा कंपनीचा नियम आहे. मेल आली, "ग्राहक सुनंदाला नीस म्हणतो. फॉर्म भरा." फॉर्मवर नात्याचे पर्याय होते : पती-पत्नी, मूल, भावंड, इतर नातेवाईक, नातं नाही. नातेवाईक लिहावं तर नियम मोडला. नातं नाही लिहावं तर गिऱ्हाइकाला फसवलं. कुठलंही लिहिलं तरी ताई घरी. इतके दिवस मार्क कापले, पण त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. मी फॉर्म ताईंपुढे धरला.

ताईंनी तो दोनदा वाचला. "पोरीचं वरीस तरी पुरं हुयाला पायजे हुतं," एवढंच म्हणाल्या. मग मान वर केली.

"खरं त्येच लिवा. सख्खं न्हाय, चुलत न्हाय. आपल्याकडं सोयऱ्याला काय म्हणत्यात?"

"पावणं."

"आन् रस्त्यात वळख नसलेला गावला तर?"

"पावणंच."

"मग लिवा की!"

मी शेऱ्यात तेवढंच इंग्रजी अक्षरांत लिहिलं, आणि खाली अर्थ दोन ओळींत.

तीन दिवस उत्तर नाही. ताईंनी ड्रॉवर रिकामा करून ठेवला. चौथ्या दिवशी मेल आली, सुनंदा कायम. आणखी एक अक्षर नाही.

महिन्याभरानं विक्याच्या कुठल्याशा भानगडीसाठी मी तोच फॉर्म उघडला. पती-पत्नी, मूल, भावंड, इतर नातेवाईक, नातं नाही. त्याखाली एक नवी ओळ होती : पावना.