आत्ता कुठं हाव?

आमचे दाजी फोनवर कधी ‘कसे आहात’ विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘पावनं, आत्ता कुठं हाव?’’ आमच्या गावी, हट्ट्याला, घरीच आहे म्हटलं तरी समाधान नसे. ‘‘घरात म्हंजी वसरीत का आत?’’ थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं.

दोन हजार सालानंतर गावोगाव मोबाइल येत होते, त्या दिवसांतली गोष्ट. सेनगावात एका बियाणे कंपनीच्या कॉम्प्युटरांचं काम दाजींकडे होतं. पिकांची पाहणी करणारी पोरं लॅपटॉप घेऊन जिल्हाभर हिंडत आणि संध्याकाळी जवळ पडेल त्या ऑफिसात माहिती उतरवत. प्रत्येक ऑफिसात एक रिले सर्व्हर होता. तो ती माहिती पुढे मुख्य ऑफिसला पोचवी. पण हट्ट्याच्या ऑफिसचा लॅपटॉप सेनगावात आणून जोडला, तरी तो हट्ट्याच्याच सर्व्हरला शोधत राही. टेलिफोनची बारीक लाइन, सगळं तुंबून जाई.

‘‘मशीन सासुरवाशिणीवानी करून राहिलं,’’ दाजी म्हणत. ‘‘दारात हीर हाय, पर पानी माहेरचंच पायजे.’’

स्वयंपाकघरातून आक्का ओरडायची, ‘‘माहेरचं पानी प्याले म्हनूनच तुमाला सोसून राहिले!’’

शेवटी दाजींनी सोय लावली. लॅपटॉपने आधी आपण कोणत्या ऑफिसच्या नेटवर्कवर आहोत ते बघायचं आणि तिथल्याच सर्व्हरकडे जायचं. मला त्यांनी ते तीनदा समजावलं. मी पदवीधर, तिन्ही वेळा मान हलवली. मग ते माझ्या पातळीवर उतरले. त्यांचं घराणं मेंढरांचं. ‘‘आमचा बाप मेंढरामागं हिंडायचा. त्याचा निरोप घरी देऊन काय उपेग? जिथं मेंढराचा वाडा बसला, तिथल्या वळखीच्या घरी द्यायचा.’’

एकदा सेनगावच्या अलीकडे, तांड्याच्या फाट्यावर माझी जीप बंद पडली. मी दाजींना रडवेला फोन केला.

‘‘आत्ता कुठं हाव?’’

सांगितलं.

‘‘मंग मला काहून बोलावता? समोर तांड्यावर शांताबाईचं घर हाय. माझं नाव सांगा.’’

शांताबाईने भाकरी वाढली, तिच्या नवऱ्याने मिस्त्री आणला. मी मात्र पुढे वर्षभर ‘दाजींनी जीप दुरुस्त करून दिली’ असंच सांगत होतो.

दाजी ऑफिसात टेबलाशी बसल्या बसल्या गेले. मला काही वाटलं नाही. आलेल्यांना चहा देत हिंडलो. साखर संपत आली, त्याची तेवढी काळजी वाटली. आक्काही रडली नाही. ताट ठेवलं तर जेवायची, उचललं तर उचलू द्यायची. दिवस झाले, पाहुणे पांगले. मी हट्ट्याहून रोज फोन करायचो; पलीकडून नुसतं ‘हं’ यायचं. असंच राहिलं तर ही पण जाईल, असं आई म्हणाली. तिला माहेरी आणायचं घरात ठरलं. आक्काला विचारलं, त्यावरही ‘हं’च. मी भाड्याची जीप घेऊन निघालो.

तांड्याचा फाटा दिसला तशी जीप थांबवली आणि येतोय म्हणून आक्काकडे असलेल्या दाजींच्या मोबाइलवर फोन लावला. मी ‘हं’ची वाट बघत होतो.

‘‘आत्ता कुठं हाइस?’’ आक्काने विचारलं.

‘‘तांड्याच्या फाट्यावर.’’

‘‘मंग शांताबाईकडं ये. मी हितंच हाय.’’

चुलीपुढे दोघी बसल्या होत्या. आक्काचे डोळे सुजलेले, नाक लाल. शांताबाईच्या पदराचा एक कोपरा ओला होता. आक्का भाकरी खात होती, कोणी न वाढता, स्वतः टोपल्यातून घेऊन.

‘‘माहेर लांब पडतं रे,’’ ती म्हणाली. ‘‘मी बराबर हाय हितं.’’

शांताबाईने तांब्या पुढे केला. मी पाणी प्यालो. अजूनही काही वाटत नव्हतं. बाहेर येऊन जीपवाल्याला एकट्यालाच परत पाठवलं आणि पुन्हा आत जाऊन बसलो.