उम्म खालिद तंबूत येत नाहीत

"काळा मसाला घेतल्याशिवाय विमानात बसू नकोस," ताईने फोनवर बजावलं आणि माझं कुवेतला जायचं पक्कं झालं. "तिथं बघण्यासारखं काय आहे गं?" असं सगळ्यांनी विचारून घेतलं. मला बहीण बघायची होती!

मुंबईहून विमान चार तासांत पोचतं. त्याहून जास्त वेळ लातूरहून मुंबई गाठण्यात गेला. ताई फरवानियात एका दवाखान्यात नर्स, दाजी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत, घर रिग्गईत. जाणाऱ्यांनी जानेवारीत जावं आणि जाड स्वेटर न्यावा. बस स्वस्त आहे. फरवानियात इडलीपासून बिर्याणीपर्यंत सगळं पोटभर मिळतं. फक्त दिनारचे रुपये करत बसू नये, चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

हिवाळ्यात सुट्टी लागली की अख्खं कुवेत वाळवंटात तंबू ठोकायला निघतं. दाजींनी नवाकोरा तंबू घेतला होता आणि त्याचं कौतुक ऐकून आमचे कान किटले होते. शुक्रवारी निघालो. सोबत ताईच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारा समीर. नावावरून मला आपल्याकडचाच वाटला, निघाला सीरियाचा. त्याची आई, उम्म खालिद, कितीतरी वर्षांनी व्हिसा मिळून नुकती त्याच्याकडे आली होती. सगळा घाट त्यांना मोकळी हवा दाखवायचा.

कबदच्या वाळवंटात तंबू उभा राहिला. दाजी ऐटीत म्हणाले, "आओ अम्मा, अंदर आओ!" उम्म खालिद गाडीतून उतरल्या, तंबूकडे बघितलं आणि परत गाडीत बसून दार लावून घेतलं.

समीर ओशाळला. दवाखान्यात शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "लढाईत घर गेल्यावर अम्मा निर्वासितांच्या छावणीत राहिली. बरीच वर्षं, तंबूतच. माझ्या लक्षातच आलं नाही."

आमच्या तरी कुठं आलं होतं? तंबू म्हणजे सहल, एवढंच आम्हाला ठाऊक. दाजी लगेच खुंट्या उपटायला लागले. तंबू गुंडाळून डिकीत गेला, उघड्यावर चटई पडली. त्या क्षणी दाजी मला फार आवडले.

मग अम्मा आल्या. ताईच्या थालीपिठात आपल्याजवळचे ऑलिव्ह गुंडाळून खाल्ले, दाजींनी वाढलेला ठेचा झोंबल्यावर त्यांच्या पाठीत लटकी चापट मारली. सगळे हसलो. त्या भरात मी विचारलं, "उम्म खालिद म्हणजे काय?"

"खालिदची आई. आमच्यात थोरल्याच्या नावानं हाक मारतात," समीर म्हणाला.

"मग खालिद कुठं असतो?"

समीरने आईकडे बघितलं. अम्माच अरबीत बोलल्या, तो हिंदीत सांगत गेला.

"आधी पाऊस गेला. शेतं सोडून लोक शहरात आले, कामं नव्हती. सरकारविरुद्ध बोलायची भीती होती, तरी पोरं रस्त्यावर आली. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मग पोरांनीही बंदुका घेतल्या आणि बाहेरच्या देशांनी दोन्हीकडे बंदुका पुरवल्या. खालिद पाव आणायला गेला, त्याला चौकीवर गाडीतून उतरवून नेलं, अजून पत्ता नाही. चौकीवर बंदूक घेऊन शेजारणीचाच मुलगा उभा होता. त्याच बाईकडून मी विरजण आणायची."

"त्या मुलाचं काय झालं?" ताईने विचारलं.

"तोही मेला. मी तिच्या घरी जाऊन रडून आले. तिला निदान कबर आहे."

अम्मांना आता गावी परत जायचं होतं आणि समीर हातापाया पडत होता. "घराला छप्पर नाही, अम्मा. इथं राहा, मी आहे ना!"

"खालिद सुटून आला तर कुठं येईल? त्याला तेच दार माहीत आहे."

ताई म्हणाली, "राहा की अम्मा." अम्मांनी तिचा हात हातात घेतला, पण हो म्हणाल्या नाहीत. ऊन उतरलं, गारठा वाढला, आम्ही आवरून निघालो.

घरी येऊन महिना झाला. खजूर संपले. कुवेत कसं आहे विचारलं की मी बाजार सांगते, समुद्र सांगते आणि मग अम्मांवर येऊन अडते. परवा ताईचा फोन आला, अम्मा गावी परत गेल्या. विमानतळावर समीर लहान मुलासारखा आडवा आला होता. "मीही तुझाच मुलगा आहे ना?"

त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तू सापडलेला आहेस, बाळा."