ड्रिपोची हमी

गुरुवारी चाकणच्या पट्ट्यात सुट्टी. कंपन्यांच्या बसगाड्या जागेवर, चहाच्या टपऱ्यांवर शुकशुकाट, शेडमधल्या मशिनी गप्प. अशाच एका गुरुवारी सकाळी बुद्धरत्न ओव्हाळ लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून दापोडीहून चाकणला निघाला. संध्याकाळपर्यंत त्याला दोनपैकी एक उत्तर पाठवायचं होतं. हमी देतो, किंवा काढून टाका.

बुद्धरत्न नोकरी करतो एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात, पण जीव त्याचा लिनक्समध्ये. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी ही व्यवस्था, फक्त फुकट, आणि जगभरातल्या हौशी माणसांनी मिळून सांभाळलेली. तिच्यात हजारो प्रोग्रॅम असतात आणि प्रत्येकाला कुणीतरी पालक नेमलेला असतो. पालकाला पगार नाही, मान बेताचा, शिव्या मात्र भरपूर. बुद्धरत्न ज्याचा पालक होता त्या प्रोग्रॅमचं नाव ड्रिपो. नाव गोड, पण पोरगं एक नंबरचं आजारी.

ड्रिपोचं काम साधं आहे. जुन्या कटिंग मशिनची स्मरणशक्ती तोकडी, मोठ्या डायचा, म्हणजे लोखंडी साच्याचा, प्रोग्रॅम तिच्यात मावत नाही. मग शेजारी कॉम्प्युटर ठेवायचा, केबल जोडायची, आणि मशीन लोखंड कापत जाईल तशा ड्रिपोने तिला पुढच्या ओळी पुरवत राहायच्या, लहान पोराला घास भरवावेत तशा. ज्या परदेशी गृहस्थांनी तो लिहिला त्यांचा कित्येक वर्षं पत्ता नाही. लिनक्सची नवी आवृत्ती आली की ड्रिपो आडवा पडायचा आणि बुद्धरत्न सुट्टीच्या दिवशी बसून त्याला उभा करायचा. बायको, स्वरूपा, म्हणायची, ''सख्ख्या पोराचा एवढा अभ्यास घेतला असता तर!'' ती चिडवायची, पण खोटं काहीच बोलत नव्हती.

पंधरवड्यापूर्वी ब्राझीलमधल्या कुणा कारागिराची तक्रार आली. ड्रिपोने मधली एक ओळ गाळली आणि कापणारं टूल जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या लोखंडातच, घुसलं. बुद्धरत्नने बेधडक उत्तर ठोकलं, ''केबल बदलून पाहा.'' त्याचंही चुकलं म्हणवत नाही. या पट्ट्यात काहीही बिघडलं की पहिला आळ केबलवर. त्याचे वडील पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर हेच म्हणत आले आणि तोही हेच ऐकत वाढला. ब्राझीलवाल्याने केबल बदलली. पुन्हा तेच झालं.

मग लिनक्सची नवी आवृत्ती काढणाऱ्या गटाच्या प्रमुख बाईंचा निरोप आला. ही आवृत्ती एकदा गोठवली की काही वर्षं तशीच राहणार. ड्रिपो ठेवायचा असेल तर पालकाने खऱ्या मशिनवर चालवून पाहावा आणि जबाबदारी घ्यावी, नाहीतर तो वगळावा. शेवटी त्यांनी सहज लिहिलं होतं की तसंही तो वापरणारं कुणी दिसत नाही.

या शेवटच्या वाक्याने बुद्धरत्नच्या मस्तकात तिडीक गेली. वापरणारे मोजतात कसे, तर इंटरनेटवरून. आणि शेडमधल्या तेलकट कॉम्प्युटरला इंटरनेट कोण जोडतो? पेनड्राइव्ह लावायचा, काम करायचं. म्हणजे आपली माणसं इथेही मोजणीत नाहीतच, तो मनाशी म्हणाला. हा राग नुसता ड्रिपोपुरता नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. हमी द्यायची, हे त्याने तिथेच ठरवून टाकलं होतं. आज चाचणी करायची ती फक्त बाईंच्या तोंडावर मारायला.

आणि ही मोजणीत नसलेली माणसं म्हणजे त्याच्यासाठी मुख्यतः एकच माणूस होतं. कस्तुराआत्या. नवरा गेल्यावर विकून टाक म्हणणाऱ्या सगळ्यांना तोंडावर नाही म्हणून तिने चाकणची ही शेड चालवली होती. डिप्लोमा करताना बुद्धरत्नच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. तो शिकला तो आत्याच्या शेडमध्ये, तिच्या जेवणाच्या डब्यातला अर्धा वाटा खात. आता छोटी कामं नव्या मशीनवाल्यांनी पळवली होती. आत्याची शेड तगली होती मोठ्या डायच्या कामावर, आणि ते काम होतं ड्रिपोवर.

''आलास राजा? घामानं डबडबलायस की,'' आत्या म्हणाली. ''पास व्हायचा तो ड्रिपो, तू कशाला घाबरतुस?''

ऑपरेटर नवनाथ लातूरकडचा. सुट्टी असून तो मुद्दाम आला होता. त्याने भंगारातला एक ठोकळा व्हाइसच्या पकडीत आवळला, टूल लावलं आणि मशीन चालू केली. मशिनचं दार नेहमीसारखं उघडंच. जुन्या मशिनवर ते बंद करून कोण बसतंय! आत्या तिच्या नेहमीच्या जागी, लाल इमर्जन्सी बटणाशी, पंजा टेकून उभी राहिली.

ड्रिपो ओळी पुरवू लागला. टूल फिरत होतं, टूल थंड ठेवणाऱ्या कुलंटची धार पडत होती, ठोकळ्यावर डायचा खळगा हळूहळू उमटत होता. बुद्धरत्न स्क्रीनवरून नजर काढेना. अर्धं काम झालं, मग बरंचसं झालं. त्याचे खांदे सैल पडले. मनातल्या मनात त्याने उत्तर लिहायलाही घेतलं: मी स्वतः खऱ्या मशिनवर तपासलं आहे, ड्रिपो ठणठणीत आहे.

नवनाथ हातातल्या एअर गनने लोखंडाचा किस उडवायला आत वाकला होता. तो मागे झाला आणि त्याच क्षणी टूल वर उचललं जाण्याऐवजी तसंच खाली राहून आडवं सुटलं, थेट व्हाइसच्या पोलादी जबड्याकडे. किंकाळीसारखा आवाज झाला. उघड्या दारातून काहीतरी सणसणत गेलं आणि मागे शेडच्या पत्र्यावर खाडकन आदळलं. पुढच्या क्षणी सगळं थांबलं होतं. आत्याचा पंजा बटणावर होता.

पत्र्याला पोचा पडला होता, बरोबर नवनाथच्या डोक्याच्या उंचीवर.  सगळ्यात आधी भानावर आला तो नवनाथच.

''केबल गेली बघा,'' असं म्हणत तो भिंतीकडे वळला. खुंटीवर केबलींची जुडी लटकत होती. त्यातली एक त्याने सोडवली.

''एवढ्या केबली कशाला?'' बुद्धरत्नने विचारलं.

''दिवाळीपासून तिसरी हाय की ही. असंच झालंय दोनदा. पर तवा टूल जॉबमधी घुसलं नुसतं, उडलं न्हाई.''

 दिवाळीत आत्याचा जुना कॉम्प्युटर जळाला म्हणून बुद्धरत्ननेच नवा आणून त्यावर हीच नवी, अजून न गोठवलेली आवृत्ती टाकली होती. जुनी त्या कॉम्प्युटरवर चालतच नव्हती. ''आत्या, मला का नाही सांगितलंस?''

''केबलीसाठी तुला कशाला फोन करायचा? केबल जाती, आमी बदलतो.''

त्याने लगेच ड्रिपोने पाठवलेल्या ओळी स्क्रीनवर उघडल्या. टूल वर उचलायची ओळ तिथे नव्हतीच. ती कॉम्प्युटरमधून बाहेरच पडली नव्हती, बिचारी केबल काय करणार! जे त्याने ब्राझीलवाल्याला ऐटीत सांगितलं होतं, तेच सांगून आत्याने स्वतःची समजूत घातली होती. कुणी तक्रार करत नाही म्हणजे सगळं ठीक, या भरवशावर तो इतके दिवस झोपला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तरीही माणसाचं मन पाहा. अजून वाट शोधत होतंच. ''दुरुस्ती मी शोधतो,'' तो घाईघाईने म्हणाला. ''वेळ लागेल. पण आज काढला तर पुढची काही वर्षं तो लिनक्समध्ये परत येणार नाही, आणि तुझं डायचं काम बसेल. आत्ता हमी देऊन टाकतो. सोबत लिहितो, चालवताना बटणापाशी माणूस ठेवा. तू तर असतेसच.''

 पत्र्याशी वाकून आत्याने टूलचा तुटका तुकडा उचलला. तो अजून गरम होता, म्हणून पदरात धरला. पोच्याकडे पाहिलं, मग नवनाथकडे. नवनाथ आता कुठे खाली बसला होता, सोडवलेली केबल अजून त्याच्या हातातच होती.

''राजा, तुझा ड्रिपो किती जागी असंल?''

''माहीत नाही. शेडमधले मोजता येत नाहीत.''

''ते बी असंच केबली बदलत असतील.''

''असतील.''

''मग तितं सगळीकडं बटनावर हात ठिवायला मी जानार हाय का?'' तिचा आवाज चढला नव्हता. ''काढ तो.''

''आत्या, पण तुझं...''

''काढ म्हनते ना.''

बुद्धरत्नने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मोबाइलचं इंटरनेट जोडलं. आधी ब्राझीलवाल्याची माफी मागितली. मग बाईंना लिहिलं की ड्रिपो वगळावा, त्याची हमी देता येत नाही, आणि जिथे चालू असेल तिथे आजच बंद करावा असा इशारा सगळ्यांना जावा. पाठवण्याच्या बटणावर त्याचं बोट अडलं. त्याने वर पाहिलं. आत्या बघतच होती. त्याने दाबलं.

''लिवलंस?''

''लिहिलं.''

तिने मान हलवली. तुकडा खिडकीत ठेवला, हात पुसले आणि डाय देणाऱ्या साहेबांना फोन लावला. बुद्धरत्नला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण तो बसून राहिला.

''जय भीम साहेब, कस्तुरा बोलते. पुढचा डाय दुसरीकडं द्या,'' ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने एकदा भाच्याकडे पाहिलं. ''न्हाई न्हाई, मशीन बरं हाय. मानसं बी समदी बरी हायेत. म्हनूनच नको म्हनते.''