उजवीकडे वळायची वायर

बाबांच्या मोटारसायकलला इंडिकेटर नव्हते. ती गाडी बनली त्या काळी माणसं हात दाखवून वळत, आणि बाबांइतका देखणा हात आमच्या कांचघर मोहल्ल्यात दुसरं कोणी दाखवत नसे, असं निदान बाबांचं म्हणणं होतं. उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर, बोटं जुळलेली, मान ताठ. वळण पुरं होईपर्यंत तो हात खाली येत नसे. लहानपणी मी पुढे टाकीवर बसायचो, तेव्हा मला वाटायचं, अख्खं जबलपूर या हाताला विचारून थांबतं.

सत्तरीच्या उंबऱ्यावर ते न्हाणीघरात घसरले आणि तो खांदा आखडला. मनगट ठीक, मूठ ठीक, अॅक्सिलरेटर पिळता येई. हात मात्र बाजूला उचलेना. बरं झाल्यावर पहिल्याच रविवारी ते बुद्धविहारात वंदनेला निघाले, हात न दाखवता वळले, आणि मागच्या टेम्पोने त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर ब्रेक मारला. बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. आईने किल्ली काढून घेतली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली.

"इंडिकेटर लागल्याबिगर गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. रिक्षानं जा."

"रिक्षानं? मी?" बाबा म्हणाले.

पुढचे दोन रविवार ते विहारात गेलेच नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वऱ्हांड्यात बसून राहिले. मला ते पाहवेना. मी म्हणालो, मी लावतो इंडिकेटर. रेल्वेच्या ऑफिसात वीस वर्षं फायलींना दोऱ्या बांधल्यामुळे वायरीही बांधता येतील, असा माझा समज होता.

"तू?" आई म्हणाली. "तुले ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलवता येत नाही."

कमानिया गेटजवळच्या दुकानातून मी हँडलवर बसवायचा स्विच, चार दिवे आणि दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर नावाचा छोटा डबा आणला. "सब गाड़ी में लगता है, भैया," दुकानदार म्हणाला. त्याने आमची गाडी पाहिली नव्हती.

अडचण अशी की तिची वायरिंग बाबांच्या हातची होती. ते इथल्या सरकारी कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. नोकरीला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. पुढे नागपूर महाराष्ट्रात गेलं, बाबा इकडे राहिले. कधीकाळी त्यांनी गाडीची सगळी वायरिंग उपटून नवी टाकली, आणि सगळी काळ्या वायरीची. लाल नाही, पिवळी नाही, हिरवी नाही. टाकी उचलली की खाली काळ्या वायरींची वेणी. आई सांगते, तेव्हा तिनेही विचारलं होतं, सगळ्या एकाच रंगाच्या काहून? तर म्हणाले, "रंग कायले पाहिजे? मले ठाऊक आहे ना."

म्हणून मी त्यांना शेजारी खुर्चीत बसवलं. ते सांगणार, मी जोडणार.

"डाव्या अंगानं तिसरी. तिच्यात बॅटरीचा करंट आहे. तिच्यातून फ्लॅशरले दे."

मी दिला. स्विच डावीकडे सरकवला, तर दिवा नाही, काही नाही. फक्त हॉर्न बारीक आवाजात बें-बें करू लागला, दमा झालेल्या बकरीसारखा. शेजारच्या घरातून कोणी तरी ओरडलं, "अंकलजी, बकरा लाए हो क्या?"

"तू चौथी पकडली," बाबा म्हणाले.

"तिसरीच पकडली, बाबा."

"मग दुसरी असंन. बंद कर ते, दुपारचं लोक झोपून राहिले."

दुसरीत करंट नव्हता. पाचवीत होता, पण तिला हात लावल्यावर मागचा दिवा गेला. दर वेळी बाबा तेवढ्याच ठामपणे नवा आकडा सांगत, आणि दर वेळी मी मान्य करी की चूक माझीच आहे. माझ्या बाबतीत तसं मानणं सोपं होतं. घरात कोणालाच नवल वाटलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा "तिसरी"पासून सुरुवात केली. मी म्हणालो, ती हॉर्नची निघाली ना मागच्या वेळी? ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "तुयी परीक्षा घेऊन राहिलो होतो," म्हणाले. मीही हसलो. परीक्षेत पास झाल्याचा मला आनंदही झाला, इतका मी शहाणा.

शेवटी टेस्टरचा दिवा लावून एकेक वायर तपासत मीच करंट शोधला. दिवे लागले, पण लुकलुकेनात. नुसते मंद, लाल, आजारी पेटून राहिले.

"पेटले ना? मग झालं," आई म्हणाली.

"हे पेटणं आहे," बाबा म्हणाले, "इशारा नाही."

तिसऱ्या रविवारी मी गाडी ढकलत गोहलपूर मोहल्ल्यात नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने वेणी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "भैया, छह वोल्ट की गाड़ी में बारह वोल्ट का माल? और ये तार किसने डाले? जिसने डाले, उसी को बुलाओ."

"त्यांनाच विचारून राहिलो," मी मराठीतच म्हणालो. इतका थकलो होतो की हिंदी सुचेना.

त्याने गंजक्या डब्यातून सहा व्होल्टचा एक जुना फ्लॅशर आणि चार बल्ब काढून दिले. चौथ्या रविवारी सकाळी ते बसवले. स्विच उजवीकडे सरकवला. टिक. टिक. टिक. बाबा खुर्चीतून उठले, वाकून दिव्यासमोर तळहात धरला आणि त्या हातावरचा पिवळा उजेड येताना-जाताना बघत राहिले. आईने तांदळाच्या डब्यातून किल्ली आणून दिली. मला हळूच म्हणाली, "मांगं मांगं जा."

मी स्कूटरवर मागे. गल्लीच्या तोंडाशी उजवा दिवा लुकलुकला, बाबा उजवीकडे वळले. सुरेख वळले. हात नव्हता, पण मान तीच. मला रडूच यायचं बाकी होतं.

दिवा लुकलुकतच राहिला.

हात दाखवला तर तो दुखून का होईना, आपोआप खाली येतो. स्विच येत नाही. वळून झाल्यावर तो आठवणीने मागे सरकवावा लागतो. मी स्कूटरचा हॉर्न वाजवला. बाबांनी मागे न बघता डोकं हलवलं, म्हणजे ऐकलं, चाललंय सगळं छान. मागच्या गाड्या ते उजवीकडे वळणार म्हणून डाव्या बाजूने पुढे निघत होत्या. विहाराचं वळण डावीकडे. बाबा उजवा दिवा लुकलुकवत डावीकडे वळले. डावीकडून निघालेली ऑटो किंचाळत थांबली, तिचं पुढचं चाक बाबांच्या बुटाला लागून.

"ओ दादा! दाएँ का बता के बाएँ मुड़ रहे हो? मरना है क्या?"

मी धावलो. लागलं काही नव्हतं. बाबा स्विचकडे बघत होते.

"म्या बंद केलं होतं ना?"

"केलं होतं, बाबा. स्विचच ढिला आहे. सरकतो आपोआप."

त्यांनी अंगठ्याने स्विच डावीकडे नेला, मधे आणला, उजवीकडे नेला. प्रत्येक वेळी तो खटकन बसला.

"नाही," ते म्हणाले. "स्विच चांगला आहे. तू पक्कं काम केलं." जन्मभरात माझ्या हाताला त्यांनी चांगलं म्हटलं ते हे एवढंच. मग समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एखाद्या अनोळखी माणसाला विचारावं तशा अदबीनं विचारलं, "विहार कोणत्या हाताले आहे?"

विहार तिथून दिसत होता. तो बांधला जात असताना, कारखान्यातून सुटल्यावर संध्याकाळी तिथल्या भिंतींना त्यांनी स्वतः पाणी मारलेलं होतं.

त्या दिवशी मी गाडी ढकलत घरी आणली. बाबा मागच्या सीटला हात लावून चालत आले. आईने फाटकातच विचारलं, "इंडिकेटर बिघडला का?" मी म्हणालो, "हो, एक वायर चुकली." आईने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फाटक पूर्ण उघडून धरलं.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी टाकी उचलून एक वायर काढून ठेवतो. रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून येतात, स्विच सरकवून पाहतात, दिवा लागत नाही. ते खूश होतात. खुर्ची ओढून बसतात आणि मला सांगू लागतात, अमकी ओढ, तमकी जोड. आकडे आता दर मिनिटाला बदलतात. मी सांगतील ती वायर हातात धरतो. ती अख्खी वेणी आता मला डोळे मिटून येते. कुठली कशाची, एकाही वायरीत चुकत नाही. ज्यांना हे सांगून दाखवावं ते समोर बसलेले असतात, आणि त्यांना सांगता येत नाही.

जेवायच्या वेळेपर्यंत असंच चालतं. मग आई हाक मारते.

"होईन," बाबा मला धीर देतात. "पुढच्या रविवारी होईन. वंदनेले गाडीनंच जाऊ."