जमिनीला रेटा

त्या रिक्षावाल्याचं नाव मी विचारलंच नाही. आता आजी झाल्यावर कबूल करते, विज्ञानाची नवी शिक्षिका म्हणून तेव्हा सगळं शहाणपण माझ्याकडेच होतं. शाळेत तपासणी होती, माझा पाठ क्रिया-प्रतिक्रियेचा, आणि त्यावरच नोकरी कायम व्हायची होती. मी आईची पैठणी नेसून लग्नालाच निघाल्यासारखी निघाले, आणि गंगापूर रोडवर पाइपासाठी खणलेल्या चिखलात रिक्षा रुतली.

बैलाची पाठ थोपटावी तशी टपावर थाप मारून तो म्हणाला, “ताई, जरा हात लावा.”

पैठणी जपायला मी आत बसूनच पुढच्या सीटला जोर लावला. रिक्षा ढिम्म. तो वाकून बघत राहिला, पण हसला नाही.

“हातानं पुढं रेटता, तेवढीच तुमची पाठ मागं रेटतीय. खाली उतरा, जमिनीला रेटा. मंग ती आपल्याला रेटंल.”

उतरले. रिक्षा निघाली.

वर्गात मी हेच उदाहरण दिलं, “एक बाई रिक्षात बसूनच रिक्षा ढकलत होती!” मुलं हसली, तपासणीस हसले, सगळ्यांत मोठ्याने मी हसले. पहिल्या बाकावरची मुलगी तेवढी माझ्या पैठणीच्या काठाला लागलेला चिखल बघत होती.