पडद्यावर चालू, आत बंद

त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तो आमचा टीम लीड होता. टीममध्ये आम्ही दोघंच मराठी, बाकी सगळे हिंदीवाले. त्याचं घर आमच्याच भागात, बडा गणपतीला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मला नोकरी लागली तेव्हा आई खूश झाली होती. "आपला माणूस आहे, सांभाळून घेईल." चारचौघांत तो मला 'मैडम, आप' म्हणायचा. मराठी काढायचा ती फक्त झापायला, म्हणजे बाकीच्यांना नीट कळू नये. हसऱ्या चेहऱ्यानं म्हणायचा, "अक्कल घरी ठेवून येतेस का गं?" बघणाऱ्यांना वाटायचं, घरच्या गप्पा चालल्या आहेत.

एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात दहा-बारा कॉम्प्युटर चालवता येतात. बाहेरून खोकं एकच दिसतं. त्यांना जोडणारं नेटवर्कही आतच असतं, वायरीशिवाय. हे सगळं सांभाळायचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवायची. त्यातलं कुठलं नेटवर्क चालू, कुठलं बंद, हे दाखवणारं पान माझ्याकडे आलं. आधी ते त्यानंच लिहिलं होतं. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की हे पान सर्व्हरला काही विचारतच नाही. सेटिंगमध्ये 'आपोआप सुरू व्हावं' असं लिहिलेलं असलं, की लावली हिरवी खूण. ते खरंच सुरू झालं का, हे बघायची सोयच नव्हती.

मी सांगायला गेले तर म्हणाला, "तीन वर्षं कुणाची तक्रार नाही. तू कशाला उकरून काढतेस?"

मग एका सकाळी सांवेर रोडच्या एका औषध कारखान्यातून फोन आला. रात्री लाइट गेली होती. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पण लेबलं छापायचं काम सांभाळणारी मशीन, म्हणजे त्या सर्व्हरच्या आतला एक कॉम्प्युटर, उठत नव्हती. पॅकिंग ठप्प. आम्ही दोघं तिकडे गेलो.

कारखान्याचे मॅनेजर त्यांच्या कॉम्प्युटरवाल्याला उभं करून बोलत होते. पन्नाशीचा, शर्टाला धूळ लागलेला माणूस. सकाळपासून टेबलांखाली शिरून वायरी तपासत होता. आमच्या लीडनं पडद्यावर ते पान उघडलं. सगळं हिरवं. म्हणाला, "हमारा नेटवर्क तो चालू है सर. आपके आदमी ने सर्वर ठीक से बंद नहीं किया, मशीन खराब हो गई."

मॅनेजर त्या माणसावर असे तुटून पडले की मला तिथे बसवेना. तरी मी बसले. दहा मिनिटं तरी बसले असेन, हे कबूल करायला हवं. नोकरी पक्की व्हायची होती. मी लॅपटॉप जवळ ओढला तेव्हा तो तसाच हसत मराठीत म्हणाला, "तोंड उघडू नकोस. तुझा कन्फर्मेशनचा कागद माझ्या टेबलावर आहे."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर मुझे मराठी में कह रहे हैं कि मैं चुप रहूँ. नेटवर्क बंद है. हमारी स्क्रीन गलत दिखा रही है."

मी सर्व्हरलाच विचारलं: नेटवर्क चालू की बंद? उत्तर आलं, बंद. त्याशिवाय ती मशीन उठणारच नव्हती. मी ते सुरू केलं, मग मशीन सुरू केली. थोड्या वेळानं बाहेर लेबलं छापायचा आवाज आला.

मला वाटलं, तो कॉम्प्युटरवाला दोन शब्द बरे बोलेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पता था तो पहले बोलना था ना, बेटा. इतनी देर मेरी इज्जत उतरवाई."

परतताना लीड मला गाडीत घ्यायला तयार नव्हता. मी ऑटोनं आले. कंपनीचं नाक कापलं म्हणून मला कस्टमरचे फोन घ्यायला बसवलं, कन्फर्मेशन लांबलं. पण त्या मॅनेजरनी आमच्या मालकांना स्वतः फोन केला होता, त्यामुळे पान दुरुस्त करणं भागच होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला जमेना. मी ते थेट सर्व्हरला विचारायला लावलं. सर्व्हरनं उत्तर दिलं नाही तर 'माहिती मिळाली नाही' असं दिसेल, हेही घातलं. त्यावरून तो मीटिंगमध्ये ओरडला, "कस्टमर को 'पता नहीं' कौन दिखाता है?" मी म्हणाले, "जिसे पता नहीं, वो." ते राहिलं. मालकांसमोर मात्र ते पान त्यानंच दाखवलं, स्वतःचं म्हणून.

वर्षभरात मी दुसरी नोकरी धरली.

मागच्या चतुर्थीला आईबरोबर खजरान्याच्या गणपतीच्या देवळात गेले होते, तिथे तो भेटला. बरोबर बायको होती. आईला वाकून नमस्कार केला आणि बायकोला म्हणाला, "हिला मीच तयार केलं बरं का!" आई कौतुकानं हसली. मी म्हणाले, "नाही," आणि चपला शोधायला निघून गेले. घरी येईपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही.